हजार चामखिळी

पहिल्या पुंगळीवर चामखीळ होती. आर्डिसने ती बाजूला ठेवून खोक्यातून दुसरी काढली. तिच्यावरही होती. बुडापासून बोटभर वर, मोहरीएवढा पितळेचा फुगवटा. तिसरीवर, दहाव्या पुंगळीवर, पार तळाच्या पुंगळीवरही तीच, त्याच जागी. रायफलीच्या काडतुसाच्या हजार रिकाम्या पुंगळ्या सर्बियाहून मॉन्टानात यायला अडीच वर्षं गेली, आणि आल्या त्या या.

तिचा नवरा डेल्बर्ट जाम भडकला. कारखान्यात काय सगळे झोपा काढतात का, म्हणाला, सगळा माल परत पाठव. आर्डिसने गल्ल्याखालून त्याच्याच पत्राची प्रत काढली. नमुन्याची पुंगळी पाठवताना त्याने बजावून लिहिलं होतं, ही ऐतिहासिक वस्तू आहे, जशी आहे तशी बनवा, केसाचाही फरक नको. बिचाऱ्यांनी नाही केला. मालासोबत परत आलेला नमुना तिने त्याच्या तळहातावर ठेवला. त्याच्यावरही चामखीळ होती. कारखान्यात जाईपर्यंत ती पुंगळी काचेच्या डबीत डिंकाने चिकटवलेली, चामखिळीची बाजू खाली, आणि पाठवलीही डबीसकटच. दिसणार कुणाला?

आर्डिसच्या हार्डवेअरच्या दुकानात एल्क हरणाची शिंगं टांगलेली आहेत. दोन्ही हात फाकवले तरी कवेत येत नाहीत. खाली पट्टीवर डेल्बर्टचं नाव आहे, आणि ते नाव तिथे लागलं ते या पुंगळीमुळे. आर्डिसच्या वडिलांनी लढाईवरून दोन जुळ्या रायफली आणल्या होत्या, गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकणाऱ्या. एक मुलाला दिली, मर्लला, आणि दुसरी जावयाला. त्यांची काडतुसं बनायची कधीच थांबली. झाडता झाडता दोघांकडे एकेकच उरलं. ते घेऊन दोघे एका ओंडक्याआड बर्फात पालथे पडले. एल्क आला. एकच आवाज झाला, एल्क कोसळला. अंगात भोक एकच. हा म्हणतो मी मारला, तो म्हणतो मी. पुंगळीही एकच सापडली, आणि ती डेल्बर्टने उचलली.

मग तुझी कुठाय, असं लोकांनी मर्लला विचारलं. मर्ल चार दिवस बहिणीची पिठाची चाळणी घेऊन डोंगरावर बर्फ चाळत बसला. गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून गावात कुणी थाप मारली की म्हणतात, हा मर्लचा एल्क. आता तो सत्तरीला आलाय आणि थापाड्या म्हणूनच मरायची त्याला भीती वाटते. दोघांचं बोलणं बंद झालं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकाच टेबलावर बसतात आणि डेल्बर्ट म्हणतो, आर्डिस, तुझ्या भावाला म्हणावं बटाटे इकडे सरकव.

पुंगळ्याही एकत्र मागवल्या त्या नाइलाजाने. हजाराच्या खाली कारखाना हो म्हणेना. म्हणून मर्ल आज आपल्या पाचशे न्यायला रायफल घेऊन आला होता आणि खिळ्यांच्या पिंपाशी गुमान उभा होता.

त्याने एक पुंगळी उचलली. चामखिळीवरून अंगठा फिरवत राहिला. त्याची रायफल एल्कच्या आधी एकदा होडी उलटून नदीत पडली होती आणि उन्हाळाभर तिथेच राहिली होती. काढली तेव्हा पोटात, काडतूस बसतं तिथे, गंजाने मोहरीएवढा खड्डा पडलेला. आणि गोळी सुटताना पितळ फुगतं, रायफलीच्या पोटाचा ठसा घेतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मर्लने पुंगळी आपल्या रायफलीत सरकवली. जराशी फिरवली. चामखीळ खड्ड्यात बसली आणि तिच्यामागे रायफलीचा सरकता बोल्ट अलगद बंद झाला. मर्लला रडू येत होतं, आणि मेव्हण्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

"आर्डिस, तुझ्या भावाला सांग, त्याने काही सिद्ध होत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "माझी तिची जुळी बहीण आहे. माझ्यातही बसेल."

शिंगांखालच्या खुंट्यांवरून त्याने आपली रायफल उतरवली. एल्कच्या दिवसापासून ती तिथेच होती. आर्डिस धूळ पुसायची तेवढंच, बाकी कुणाला हात लावायची सोय नव्हती. त्यानेही ती कधी उघडली नव्हती. शेवटचं काडतूस झाडलंय, मग उघडून बघायचंय काय, असं त्याचं म्हणणं.

बोल्ट ओढला तर हलेना. चाप अडवून धरणारी सेफ्टी लावलेली होती. ही कुणी लावली म्हणून त्याने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. मग त्याने सेफ्टी सोडली आणि जोर लावून बोल्ट मागे खेचला. आतून टुणकन काहीतरी उडालं, गल्ल्यावर आपटलं आणि गडगडत जाऊन मर्लच्या बुटाला टेकलं.

अख्खं काडतूस होतं. टोकाला गोळी जागच्या जागी.

"बावीस वर्षं दर शनिवारी मी हिच्या तोंडासमोर उभी राहून हिला पुसतेय," आर्डिस म्हणाली.

कुणाला फसवायचं डेल्बर्टच्या मनातही आलं नव्हतं. चाप ओढल्याचं त्याला आजही आठवत होतं, खांद्याला बसलेला धक्कासुद्धा आठवत होता.

मर्ल कमरेवर हात ठेवून हळूहळू वाकला. काडतूस उचललं, पँटला पुसलं, त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो बहिणीला मध्ये न घालता मेव्हण्याशी बोलला.

"घे डेल्बर्ट, ही तुझी पुंगळी," तो म्हणाला. "हिला चामखीळ नाही."