शेजारची जागा

सातवीच्या पालकभेटीला टेसचे वडील, रसेल हॅनिगन, लेकीला घेऊन आले आणि बसायच्या आधीच बोलू लागले. "मॅडम, टेसला गणिताच्या वरच्या वर्गात घाला. तुमच्या वर्गात सगळ्याच तऱ्हेची मुलं. हिच्या शेजारची ती यारेली तर दर गणिताला 'का?' म्हणून अडून बसते. आमची पोरगी पुढे जाणार कधी?"

"वरच्या वर्गात एकच जागा उरलीय," मी म्हटलं. "टेस, अर्ध्याने भागायचं असलं की आपण दोनने गुणतो. का गं?"

"सोपंय! तीन केक अर्धे-अर्धे कापले की तुकडे सहा होतात. एका केकचे दोन, म्हणून दोनने गुणायचं."

हॅनिगन खुर्चीत ऐसपैस टेकले. "बघा! अशी मुलगी तुम्ही इथे अडकवून ठेवलीय."

"झकास सांगितलंस," मी टेसला म्हटलं. "मग जातेस वरच्या वर्गात?"

टेस घुटमळली. "पण केकचं मला यारेलीने सांगितलं. मी नुसता नियम पाठ केला होता. ती अडते, मग स्वतःच शोधून काढते आणि मला समजावते."

मी हॅनिगनांकडे वळले.

"मग ही जागा कुणाला देऊ?" मी विचारलं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"टेस राहू दे इथेच," ते म्हणाले. "फक्त त्या यारेलीला कुठे हलवू नका."