कड्यावरचा फोटो

“अजून मागं सर,” कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून बद्रीनाथ म्हणाला.

दुर्गाबाईनं मागं वळून पाहिलं. तिच्या टाचांपासून दोन हातांवर खडक संपत होता. खाली दरी होती आणि दरीतून वर येणारा वारा तिचं लुगडं ओढत होता.

“इथंच बरंय की,” ती म्हणाली.

“दरी दिसाया पायजे. मानूस उभं असलं म्हंजी डोंगर केवढा हाय ते साहेबाला बराबर कळतं.”

जालन्यात बद्रीनाथचं फोटोचं दुकान होतं. भोकरदनच्या उत्तरेकडच्या डोंगरांचे फोटो जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांना हवे होते आणि ते काम त्याला मिळालं होतं. तीन दिवस तो स्वतः बैलगाडी हाकत दऱ्याखोऱ्यांतून हिंडत होता. सोबत बायको आणि म्हातारी आई. झुंबरबाईचे गुडघे धरलेले. घरचा उंबरा ओलांडतानाही ती कण्हायची. पण निघायच्या दिवशी गाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसली ती तीच. “मी भी येते,” एवढंच म्हणाली.

ती का आली, ते दुर्गाबाई समजून चुकली होती.

आठवड्यापूर्वी दाराआडून तिनं ऐकलं होतं. कारभारी नावाचा त्यांचा सोयरा बद्रीनाथसाठी नवं स्थळ घेऊन आला होता. दुर्गाबाईच्या लग्नाला वर्ष उलटलं होतं आणि कूस रिकामी होती.

“पोरगी देतेत, पर सवतीवर न्हाई,” कारभारी म्हणाला.

बद्रीनाथनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, “वैशाखापर्यंत बघू.”

झुंबरबाई तिथंच सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता एकदाही थांबला नाही.

आणि बद्रीनाथची पहिली बायको साळूबाई दोन वर्षांपूर्वी अशाच डोंगरात पाय घसरून गेली होती. त्या वेळीही तो फोटोच काढायला गेला होता. बरोबर तिसरं कोणी नव्हतं.

ते बोलणं ऐकल्यावर दुर्गाबाईनं बोचकं बांधलं. माहेरी जाऊन येते म्हणाली, तर बद्रीनाथनं “डोंगरावरून आल्यावर जा की” असं गोडीनं सांगितलं. एरवी तो गोड बोलत नसे.

सासू मात्र तिन्ही दिवस खेकसत होती. बद्रीनाथ बायकोला फोटोसाठी उभं करायचा, आणि जागा ठरते न ठरते तोच म्हातारीची हाक यायची. “दुर्गे, पानी आन!” “दुर्गे, पाय चेप माझे!” झोपतानासुद्धा ती सुनेचा पदर मुठीत धरून झोपायची. आपण पळून जाऊ नये म्हणून, हे दुर्गाबाईनं ओळखलं होतं.

आता आभाळ काळंनिळं झालं होतं. फाल्गुन सरत आलेला, तरी वारा एकाएकी बर्फासारखा गार लागू लागला.

“अवो, गारा येतेत. गाडीकडं चला ना.”

“एकच प्लेट. थांब, पदर उडून राह्यला तुझा.”

तो कापडाखालून बाहेर आला आणि तिच्याकडे चालू लागला. त्याची नजर पदरावर नव्हती. तो तिच्या पायांकडे बघत होता. पुढं तो, मागं दरी. त्याचा हात तिच्या खांद्यावर टेकला आणि तिथंच दाबून राहिला.

“दुर्गे!” त्याच्या मागून सासू किंचाळली. “मेले गं मी! उचल मला, जल्दी!”

झुंबरबाई खडकावर आडवी झाली होती. बद्रीनाथनं मान वळवली, तेवढ्यात दुर्गाबाई त्याच्या काखेखालून निसटली आणि सासूकडे धावली.

ती पोचते न पोचते तोच गारा कोसळल्या. लिंबाएवढ्या गारा खडकावर आपटून उडू लागल्या. वाऱ्यानं कॅमेरा त्याच्या तीनपायी घोडीसकट उलथवला आणि तो घरंगळत कड्याकडे निघाला. बद्रीनाथनं त्याच्यावर झेप घेतली. गारांवरून त्याचा पाय सरकला, आणि कड्यावर कोणीच उरलं नाही.

“माय! माय वं!”

पुरुषभर खाली एका झुडपाला धरून तो लोंबकळत होता.

त्या घडीला दुर्गाबाई सगळं विसरली. कारभारी, साळूबाई, खांद्यावरचा तो हात. समोर माणूस मरत होता. कॅमेऱ्याची पेटी बांधायचा दोर तिनं उचलला, एका सुळक्याला गाठीविना नुसता वेढा दिला, एक टोक हातात धरलं आणि दुसरं खाली सोडलं. बद्रीनाथनं ते मनगटाला गुंडाळलं. मघाशी मेले म्हणणारी झुंबरबाई केव्हा उठली कोण जाणे, तिनं येऊन सुनेमागं दोर धरला. दोघी ओढू लागल्या. गारा डोक्यात बसत होत्या, तळहात सोलवटत होते. हळूहळू त्याचं डोकं वर आलं. मग खांदे.

“शाबास, माय! वढ!”

म्हातारी ओढायची थांबली.

“बद्री, साळू भी अशीच हाका मारत व्हती का रं?”

त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“ते झालं गेलं, माय. आता कशाला काढती? आधी वढ.”

“किती येळ मारत व्हती?”

“दुर्गे, तू वढ,” तो म्हणाला. “तिचं बिलकुल ऐकू नको.”

दुर्गाबाईनं दोर आणखी घट्ट आवळला. तिच्या मुठींवर सासूचे थंडगार हात आले. ते मदतीला आले असं तिला वाटलं. झुंबरबाई रडत होती, आणि रडता रडता सुनेचं एकेक बोट दोरावरून सोडवत होती.