ट्यूबचा टीव्ही

गेल्या दसऱ्याला मोरिवलीच्या रखमाबाईंनी आपल्या जुन्या ट्यूबच्या टीव्हीला हळदकुंकू लावलं, तेव्हा त्यांचा जावई सुजित सगळ्यांदेखत फिदीफिदी हसला होता. "आई, या डब्यात बघण्यासारखं उरलंय काय? भंगारवालासुद्धा नाक मुरडेल!"

रोलचे कॅमेरे दुरुस्त करणारा हाच शहाणा आता उल्हासनगरच्या भंगार गल्ल्या पालथ्या घालत होता. शटरचा वेग तपासायचं यंत्र परवडेना. एकच जुगाड होता: कॅमेरा मागून उघडायचा, ट्यूबच्या टीव्हीसमोर शटर मारायचं आणि दिसलेल्या उजेडाच्या पट्टीवरून वेग ओळखायचा. नव्या टीव्हीवर ते जमत नाही. "अब किधर मिलेगा, साईं?" म्हणत प्रत्येक दुकानदार त्यालाच हसला.

शेवटी पेढ्यांचा पुडा घेऊन स्वारी मोरिवलीत हजर. "आई, आपला तो टीव्ही आहे ना हो?"

"हाय की. परसात."

टीव्हीची काच आतल्या ट्यूबसकट कधीच काढून टाकलेली होती. आत अंड्यांवर बसलेल्या कोंबडीने मान बाहेर काढून सुजितला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

रखमाबाईंनी पेढा तोंडात टाकला.



"बघा, जावईबुवा. आता हाय बघन्यासारखं."