मी कशी दिसून राहिले?

"यू लुक हॅपी," पल्लवी चांगुणामावशीकडे बघून म्हणाली, आणि खळ्यावरच्या बाया खाता खाता थांबल्या.

"म्हंजे काय गं?"

"म्हंजे तू खूश दिसून राहिलीस."

"नवरा वारल्यापासून पहिल्यांदाच कोणी असं म्हणलं," चांगुणा म्हणाली. "लिही बाई, लिहून ठेव." ती हसली खरी, पण लिंबाच्या खोडाला टेकलेली पाठ काही तिनं उचलली नाही.

बारावीची परीक्षा देऊन पल्लवीनं कळमनुरीत इंग्रजी बोलायचा क्लास लावला होता. हिंगोली जिल्हा झाल्यापासून तिथल्या नव्या ऑफिसांत इंग्रजी बोलणाऱ्या पोरी लागतात, असं जो तो सांगायचा. रविंद्र सरांनी आज 'लुक' शिकवलं. समोरच्या माणसाकडे बघायचं आणि 'लुक'च्या पुढं एक शब्द ठेवून द्यायचा, हॅपी, सॅड, टायर्ड, काय दिसेल तो. उद्या घरच्या माणसांवर वाक्यं करून आणा, असं सर म्हणाले. पल्लवीच्या घरचं माणूस म्हणजे तिची माय, पद्माबाई, आणि हळदीच्या हंगामात माय दिवसाउजेडी घरी सापडत नाही. म्हणून मायची भाकरी घेऊन ती खळ्यावरच आली होती.

दुपारची सुट्टी झाली होती. हळकुंडं घासायचा ड्रम बंद होता, तरी कानात त्याची घरघर चालूच होती. सकाळपासून उडालेली पूड बायांच्या हातांवर, केसांत, पापण्यांवर बसली होती. या दिवसांत खळ्यावरची बाई ओळखायची तर चालीवरून, तोंडावरून नव्हे.

"अन् मिराबाईचं काय करशील?" चांगुणानं विचारलं. मिराबाई तांड्यावरून पायी यायची. आज भाकरी न सोडताच पोत्यावर आडवी झाली होती.

"शी लुक्स स्लीपी. झोपाळू दिसून राहिली."

"झोपलेलीच हाये ती. येवढ्यासाठी क्लास लावावा लागते व्हय?"

बाया हसल्या. पल्लवी पण हसली. मग तिनं मायकडे बघितलं.

"यू लुक टायर्ड, माय. दमलेली दिसून राहिलीस तू."

"कवा दिसत न्हाई? दुसरं कर."

"यू लुक यलो. पिवळी."

आता तर बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "अन् आमी काय हिरव्या हाव?" चांगुणा म्हणाली. "पद्माबाई, पोरीच्या फीचे पैसे माघारी माग."

पद्माबाई हसली नाही. भाकरीचं फडकं तिच्या मांडीवर तसंच बांधलेलं होतं.

"काहून खाऊन नाही राहिलीस?" पल्लवीनं विचारलं. "काल बी तशीच आणलीस घरी."

"ठेच्याच्या वासानं मळमळून राहिलं. उन्हानं होते तसं." मग लेकीचं तोंड उतरलेलं बघून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. "थांब, तोंड धुऊन येते. मग चांगलं वाक्य कर माझ्यावर. सराला दाखवायचंय ना?"

पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तिनं तोंडावर भरपूर पाणी मारलं, पदराच्या आतल्या बाजूनं घासघासून पुसलं, आणि फोटो काढायला बसावं तशी लेकीसमोर येऊन बसली.

"हं. बोल आता. मी कशी दिसून राहिले?"

पल्लवीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. चेहऱ्यावरची पूड गेली होती. हातांची गेली नव्हती, ती हंगाम सरला तरी लवकर जात नाही. पण डोळ्यांत पूड कुठून शिरणार? मायच्या बुबुळाभोवतीचं सगळं पांढरं पिवळं पडलं होतं. माय अंधारात निघायची, अंधारात यायची, आणि आपण तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

"बोल की. सुचंना का?"

"माय, डोळे पिवळे हायेत तुझे."

"हळदच हाये ती."

"हळद न्हाई. कावीळ हाये." पल्लवीनं आवाज खाली आणला. "लघवी कशी होते तुला?"

पद्माबाईनं आजूबाजूला बघितलं. बायाच होत्या सगळ्या, तरी तिला लाज वाटली.

"पिवळीच. लई पिवळी," ती पुटपुटली. "म्हणलं, दिवसभर हळद नाकातोंडात जाते, तीच उतरून राहिली असन. हंगाम सरला का जाईन."

"अन् कोणाला सांगितलं न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं?"

पल्लवी उठली. मायच्या मांडीवरचं फडकं तिनं काखेत मारलं आणि हात धरून मायला उभं केलं. उभं राहताना पद्माबाईचा तोल गेला, तशी लेकीनं तिला कमरेत धरलं.

"हळकुंडांचा ढीग तसाच पडलाय ना गं," पद्माबाई म्हणाली.

"पडू दे. रस्त्यावर जीप भेटन, कळमनुरीच्या दवाखान्यात जाऊ." मग ती चांगुणाकडे वळली. "मावशी, शेतवाल्याला सांग, कावीळ हाये म्हणून मायला घेऊन गेले."

चांगुणानं तोंडातला घास तसाच धरून ठेवला होता. बाकीच्या बायांकडे तिनं एकदा बघितलं. कोणीच हसत नव्हतं.

"पल्लवे," ती म्हणाली, "तशी पिवळी लघवी तर आमची समद्यायचीच होऊन राहिली."