बाळाला कुणाकडून

पोलिक्सेनीने बाटली तिरकी केली आणि बाळ चुटुचुटु दूध ओढायला लागलं. हे सगळं फोनच्या पडद्यावर. एव्हान्थिया हॉस्पिटलच्या खाटेवर बसून बघत होती आणि इकडे तिला पान्हा फुटून गाऊन भिजला होता. माझा हात ओळखायला लागलीय हं आता, असं पोलिक्सेनी कौतुकाने म्हणाली. एव्हान्थिया हसली. हसावंच लागतं. आतून नुसता जळफळाट.

बाळंतपणाला आली तेव्हाच तिची कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली होती. त्या नोव्हेंबरात ग्रीसमधलं सगळं द्रामा शहरच खोकत होतं, त्यात तिचं काय नवल! बाळ मात्र निगेटिव्ह. आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळ लांब ठेवायचं, असा त्या हॉस्पिटलचा तेव्हाचा नियम. नाळ कापली, काचेपलीकडून तिला एकदा दाखवलं आणि नेलं. नवरा स्त्रातोस घरी तापाने फणफणलेला. मग उरलं कोण? त्याची थोरली बहीण पोलिक्सेनी. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. तिसऱ्या दिवशी ती बाळाला आपल्या घरी घेऊन गेली.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं. मनसोक्त राग तरी करता आला असता. पण पोलिक्सेनी दर तीन तासांनी उठत होती, बाटल्या उकळत होती, न चुकता फोन करून सगळं दाखवत होती. एव्हान्थियाला तेच बघवत नव्हतं. बाळाच्या अंगावरचं सगळं नणंदेने विणलेलं. दूध डब्यातलं. बाप्तिस्म्याला नाव ठेवणार तेही सासूचं. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, तिथे बाळंतिणीला कोण विचारतो? नाक-डोळेसुद्धा म्हणे स्त्रातोसच्याच घरचे. नऊ महिने पोटात वाढवलं ती कोण, हे कुणाच्या ध्यानात तरी होतं का? दिवसातून सहा वेळा ती दूध पिळून काढायची आणि नर्स ते बेसिनमध्ये ओतायची.

एकदा तिने ठसक्यात सांगितलं, तिला डाव्या कुशीवर निजव, पोटात होती तेव्हापासून तिला डावी कूसच आवडते. हे तिने तिथल्या तिथे रचलं होतं. पोलिक्सेनीने 'बरं' म्हणून बाळाला लगेच वळवलं. निदान वाद तरी घालायचा ना बाईने!

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर सेवास्ती आल्या. बाळाची पुन्हा केलेली टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. घाबरण्यासारखं काही नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. नाक जरा वाहतंय, ताप नाही, दूध नीट पितेय. आता दोघींना वेगळं ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुपारी बाळाला तिच्याकडेच आणणार होते. लागण कुणाकडून झाली हे सांगणं अवघड, असं डॉक्टर म्हणाल्या. कदाचित बाळंतपणातच झाली असेल आणि पहिल्या टेस्टमध्ये दिसली नसेल.

सासूला यात अवघड काही वाटलं नाही. आईकडूनच आलं, दुसरं कुठून येणार, असं ती फोनवर म्हणाली आणि रडली. स्त्रातोस काहीच बोलला नाही. एव्हान्थियाला ते जास्त लागलं.

दुपारी पोलिक्सेनी बाळाला घेऊन आली. सकाळी तिचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. दारातच थांबून तिने बाळ नर्सच्या हातात दिलं, नर्सने ते आईच्या. बाळाने जरा तोंड इकडेतिकडे केलं आणि मग छातीला लागलं. पोलिक्सेनी हलली नाही. बाळाला तपासायला आलेल्या डॉक्टरांना तिथेच थांबवून तिने एका दमात सांगून टाकलं. घरी नेल्यावर पहिल्यांदा दुपटं उघडलं आणि बाळाचं रूप बघून ती भानच विसरली. मास्क खाली ओढला आणि दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या तोंडावर तीनदा थुंकल्यासारखं फ्तू, फ्तू, फ्तू केलं. आपल्यात सगळेच करतात. त्यात तिने तर करायलाच हवं, मूल नसलेल्या बाईची नजर वाईट म्हणतात ना. घसा तेव्हाच खवखवत होता, पण तो धावपळीने असेल असं तिला वाटलं.

"माझ्याकडून गेलंय, डॉक्टर," ती म्हणाली. "हिच्याकडून नाही. तसंच लिहा. आमच्या आईला मी सांगते."

आता एव्हान्थियाने नुसती मान डोलावली असती तरी सुटली असती. सासूचं तोंड बंद झालं असतं, नवऱ्याचं उघडलं असतं. तिने दाराकडे बघितलं. पोलिक्सेनी रडत होती आणि रडता रडता बाळाकडेच बघत होती.

"नाही," एव्हान्थिया म्हणाली. "माझ्याकडूनच आलंय. बाळंत होतानाच."

डॉक्टरांना भरून आलं. काय मनाची मोठी पोरगी, नणंदेवरचा आळ स्वतःवर घेते, असं त्यांना वाटलं. पोलिक्सेनी मात्र गोंधळून एक पाऊल आत आली.

"अगं, असं का करतेस? जन्मभर तुला बोल लावतील सगळे."

एव्हान्थियाने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"लावू देत. बाकी सगळं तूच दिलंस तिला. एवढं तरी आईकडून मिळालेलं असू दे."