फाटकापर्यंत

बुटाच्या बंदाचं टोक चघळून चघळून कुंचल्यासारखं विस्कटलं होतं. भोकातून ओवायचं तर आधी त्याला बोटांनी पीळ द्यावा लागे. शाळेच्या कोपऱ्यावर वाकून आईने तो दिला, गाठ मारली. मुलीने पाय मागे घेतला नाही.

"फाटकापर्यंतच," मुलगी म्हणाली. "आणि मी बास म्हटलं की घरी."

"बास म्हटलं की घरी."

आई एका प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही तिथली सवय तिने घरीही लावून घेतली होती. मुलगी शाळेला घाबरायची, म्हणून आधी नुसता गणवेश घालून बघितला. मग घराचा जिना. मग हा कोपरा. बाबा केव्हापासून म्हणत होते, पोरीचं नाव शाळेतून काढू या, घरी शिकवू. ती म्हणायची, अजून थोडं.

फाटकाशी रखवालदाराने सलाम ठोकला. "आल्या का मोठ्या बाई? केव्हाच कुलूप लावणार होतो, म्हटलं तुम्ही रागवाल."

मुलीच्या ओठाचा कोपरा हलला. आईला तो दिसला, आणि तिला आणखी एक पाऊल पुढे जायची हाव सुटली.

तेवढ्यात वर्गाच्या बाई लगबगीने बाहेर आल्या. त्यांनी मुलीचा दुसरा हात धरला. "आई, निघा तुम्ही. पाठ फिरली की रडणं थांबतं बघा, सगळ्यांचंच."

"रडत नाहीये ती."

"मग तर झालंच की."

"बास," मुलगी म्हणाली. हळू, पण नीट ऐकू येईल इतकं.

आईने आपल्या हातातला तिचा हात सोडला आणि ती एक पाऊल मागे सरली.

आरडाओरडा नाही, काही नाही. मुलगी नुसती ताठ झाली. मोजे भिजले, बुटांभोवती ओल पसरत गेली. रखवालदाराने मागून येणाऱ्या मुलांना घाईघाईने आत पिटाळलं.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "चुकलं माझं. चल, घरी जाऊ." तिने हात पुढे केला.

मुलीने बाईंच्या हातातला हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांखाली खुपसले.

"तू पण," ती म्हणाली.

"होतं असं पहिल्यांदा," बाई म्हणाल्या. "उद्या आणा परत. सवय होते हळूहळू."

मुलगी आईच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत होती. एकटीने निघायच्या तयारीत.

आई उठून उभी राहिली.

"उद्या नाही," ती म्हणाली. "नाव काढायचंय तिचं."