काचेवरचा डाग

गंधालीचा प्रबंध उद्या जमा व्हायचा होता. आपल्या आकाशगंगेसारख्या, पण अंधूक, सर्पिल दीर्घिकांच्या भुजा मध्येच तुटल्यासारख्या संपतात, हा तिचा पाच वर्षांचा शोध. त्यातल्या पहिल्या दीर्घिकेचा मूळ फोटो, उलट्या रंगांत पांढऱ्यावर काळा, आईने फ्रेम करून मुलुंडच्या घरी हॉलमध्ये लावला होता. आई त्याची काच पुसत होती. “गंधाली, कोपऱ्यातला हा डाग काही जात नाही बघ.” गंधालीने वाकून पाहिलं. दीर्घिकेची भुजा पुसट होत होत थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती. कडेचा उजेड रिकाम्या आकाशाचा समजून तिने तो प्रत्येक फोटोतून वजा केला होता. भुजा तिनेच तोडल्या होत्या. “आतून आहे का गं डाग?” आईने विचारलं. “नाही, बाहेरूनच आहे,” म्हणत तिने आईच्या हातातलं फडकं ओढलं आणि काच घासत राहिली.